ज्याची जोडी त्याची झडती

मेडशीत मला राहायला जागा मिळाली, ती मला मालिनी वृत्त ओळखता आलं म्हणून.

मास्तरकीची पहिलीच नेमणूक होती. अकोल्याहून मोटारीनं उतरलो, वळकटी खांद्यावर मारली आणि अख्खं गाव पालथं घातलं, पण बिनलग्नाच्या मास्तराला खोली द्यायला कोणी तयार होईना. शेवटी एकानं किराणा दुकानाकडे बोट दाखवलं. आत एक गोरे, किडकिडीत गृहस्थ गिऱ्हाइकांकडे चक्क पाठ करून बसले होते. मांडीवर कागद, कानाला टाक. मागे बायका आपापल्या हातानं मीठ मोजून घेत होत्या, त्याचं त्यांना सुखदुःख नव्हतं. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान न वळवता दोन ओळी खड्या आवाजात म्हटल्या आणि विचारलं, "वृत्त कोणते?"

"मालिनी," मी भीत भीत म्हणालो.

तेव्हा कुठं ते वळले. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "भाड्याचे पुढे पाहू. सामान आत आणा."

हे आमचे शेटजी. मूळचे कारंज्याचे. जैन असल्यामुळे दुकानात कांदा, लसूण, बटाटा नाही. वऱ्हाडात कांद्याशिवाय किराणा दुकान चालवायचं म्हणजे देवळाशिवाय पुजारीपण करण्यासारखंच. पण दुकान झकास चाले. कारण ते शेटजी चालवतच नव्हते, शेटाणीबाई चालवत होत्या. शेटजी महाकाव्य लिहीत होते.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, राजधानीचं गाव. तिथल्या एका राजावर शेटजींनी बारा सर्गांचं काव्य योजलं होतं. राजा त्यांच्या कल्पनेतला, घोडाही त्यांच्याच कल्पनेतला. मी गेलो तेव्हा नववा सर्ग चालू होता. पहिल्या सर्गात दिग्विजयाला म्हणून घोड्यावर बसलेला राजा अजून वेशीबाहेर पडला नव्हता. कारण मध्ये पर्वत, ऋतू, नगरी, उपवनं, हत्ती आणि वृषभ यांची वर्णनं यायची होती. शेटाणीबाई ताकात मीठ घालता घालता म्हणत, "तुमचा राजा किती वर्सापासून घोड्यावर बसून राह्यला. त्याले खाली उतरवा, दोन घास खाऊ द्या बिचाऱ्याले."

शेटजी ऐकून न ऐकल्यासारखं करत. ते बोलतही महाकाव्यातलंच. दारात एखादी बाई आली की म्हणत, "भगिनी, आपणांस कोणते धान्य अभिप्रेत आहे?"

"मले धान्य नाई पायजे, शेट. गूय द्या. पावणे येऊन बसून राह्यले घरी."

गुळाला गूय म्हणणारी ही वऱ्हाडी शेटजींना येत नव्हती असं नाही. आईच्या दुधाबरोबर प्यालेली भाषा, जाईल कुठं? दळणात खडे निघाले किंवा मांजरानं दूध सांडलं की ती अस्सल बाहेर पडे. पण ती रागाची भाषा, लिहिण्याची नव्हे, असा त्यांचा पक्का समज होता.

आमच्या भाडेकराराची एक अट होती. शेटजी सूर्य मावळायच्या आत जेवत. जेवण झालं की ओसरीवर मी त्यांचे नवे श्लोक ऐकायचे. मी ऐकत असे. पहिल्या वर्षी एकदा धीर करून म्हणालो, "शेटजी, इथे 'प्रफुल्ल' ऐवजी साधं 'फुललेला' म्हटलं तर?" शेटजी तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, माझ्या ओळीतला एक ऱ्हस्व कोणी हलवला तरी मला दाढ उपटल्यासारखे होते." तेव्हापासून मी फक्त "वा" म्हणू लागलो.

मीच एकटा बळी नव्हतो. सायकल दुरुस्तीसाठी थांबलेला पोस्टमन, मोटार चुकलेला तलाठी, कोणीही तावडीत सापडला की एक सर्ग ऐकून जाई. मात्र माणूस न्यायी. पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. जैन लोक त्या दिवशी वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात. शेटजी सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघत आणि वर्षभरात ज्यांना ज्यांना काव्य ऐकवलं, त्यांच्या त्यांच्या दारी जाऊन हात जोडत. संध्याकाळपर्यंत परत येत, दमून. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दहावा सर्ग.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुस्तक व्हायचं होतं, पण पुस्तकातला फोटो तीनदा काढून झाला होता. अकोल्याला स्टुडिओत जाऊन, खांद्यावर शाल, हनुवटीला हात. काव्य लांबत गेलं, केस पांढरे होत गेले, तसतसा जुना फोटो लागू पडेना. पुण्याच्या एका मासिकाकडे त्यांनी पहिला सर्ग धाडला होता. तो साभार परत आला. "पुण्याची माणसे सभ्य," शेटजी म्हणाले, "नाकारतानाही आभार मानतात." पण त्या संध्याकाळी त्यांनी मला काही ऐकवलं नाही. ओसरीवर बसून परत आलेला सर्ग पुन्हा फडक्यात बांधला. मग म्हणाले, "मास्तर, धन राहत नाही, दुकान राहत नाही. ओळ राहते. मी गेल्यावर माझी एक तरी ओळ कोणाच्या मुखी राहावी. एवढ्यासाठी चाळीस वर्षे हे चालले आहे. एकही राहिली नाही तर मग मी मीठ विकायला आलो आणि मीठ विकून गेलो."

मी सवयीनं "वा" म्हणणार होतो.

आता किसनबद्दल सांगायला हवं, कारण शेटजींच्या चाळीस वर्षांना कलाटणी दिली ती किसननं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

आमच्याकडे पोळ्याला गावभरच्या बैलजोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहतात आणि मग झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींची यमकाची चपराक. कोणी कोणालाही मारावी, त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' करायचं. रीत एवढीच, की झडती म्हणायची तर तोरणाखाली स्वतःची जोडी पाहिजे. आणि जो म्हणेल त्याची ती झडती; कोणी रचली हे विचारायची पद्धत नाही. ज्याची जोडी त्याची झडती.

किसन हा गावाच्या खालच्या अंगाचा छोटा शेतकरी. त्याची जोडी कामाला वाघ, पण अंगानं वाळकी. एका साली पाटलाच्या पुतण्यानं आपल्या लठ्ठ बैलांच्या मधोमध उभं राहून झडती टाकली:

"धरा रे धरा, कासरा धरा,
किसन्याचे बैल उडवून नेईन वारा."

गाव हसून हसून लोळलं. किसनला उत्तर सुचलं नाही. वर्षभर तो रस्त्यानं चालला की कोणीतरी म्हणे, "कासरा धर रे." बैलांवरून बोललेलं शेतकऱ्याला फार लागतं.

पुढल्या पोळ्याच्या आधी दुकानात ही गर्दी. शिंगांना लावायचा हिंगूळ, बेगड, गोंडे, सगळं आमच्याकडेच मिळे. किसन सगळ्यांत शेवटी आला आणि शेटजींच्या पाठीशी बोलू लागला. "शेट, तुमी येवढं लिवता. मले दोन ओयी लिवून द्या ना. त्या पुतण्याले उत्तर द्याचं हाय."

शेटजी गर्रकन वळले. "मी? झडती?"

"मंग काय झालं? लिवनं तं लिवनंच असते."

मला वाटलं आता वऱ्हाडी बाहेर पडणार. पण चाळीस वर्षांत शेटजींकडे कोणी आपण होऊन काही मागायला आलं नव्हतं. ते विरघळले. दोन दिवस खपून त्यांनी मालिनी वृत्तात चार चरण रचले. पहिला मला अजून आठवतो: "वृषभयुगल माझे क्षीण देही तथापि..." पुढच्या तीन चरणांत नंदी, कैलास आणि धर्म होता. किसननं ते शेतात, गोठ्यात, विहिरीवर पाठ केलं. शेटजी स्वतः ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.

पोळ्याला किसन तोरणाखाली उभा राहिला. "वृषभ..." म्हणाला. थांबला. "वृषभयु..." घाम फुटला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अबे किसन्या, कोनाच्या लग्नातले मंगलाष्टकं म्हनून राह्यला?"

गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट हशा. किसन जोडी घेऊन मधूनच निघून गेला. त्याला नाव पडलं वृषभराव. मी शेटजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ओठ हलत होते. किसनची जीभ कुठं अडखळली, तिथं तिथं ते स्वतः म्हणून पाहत होते. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडातून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती.

त्या साली क्षमावाणीला ते सगळ्यांत आधी किसनच्या घरी गेले. मी बरोबर होतो. शेटजींनी अंगणात उभं राहून हात जोडले. "उत्तम क्षमा. माझ्यामुळे तुमची शोभा झाली."

किसन वैरण टाकत होता. त्यानं मागे पाहिलं. "माफी कायले मांगता, शेट? पुढल्या पोयाले बराबर लिवा."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते दुकानात गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसलेले. शेटाणीबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, यायले बरं नाई वाटत काय?" हळूहळू उमगलं की ते ऐकताहेत. बायका काय म्हणतात, गाडीवान बैलाशी काय बोलतो, शिवी कुठं देतात, लाडानं काय म्हणतात. एखादा नवा शब्द आला की तोंडातल्या तोंडात घोळवत. 'अभिप्रेत' गेलं. "काय पायजे, बाई?" आलं. बायका पहिले काही दिवस दचकत. महाकाव्य अकराव्या सर्गावर थबकलं. मी आलो तेव्हा आमचं गाव मध्यप्रदेशात होतं, मधल्या काळात ते मुंबई राज्यात गेलं; राजा मात्र घोड्यावरच होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद-लोणी लावून चोळतात. पुढल्या साली त्या दिवशी शेटजी मला घेऊन किसनकडे गेले. किसन बैलाच्या खांद्याला लोणी चोळत होता. शेटजी जवळ गेले, बिचकत हात पुढे केला आणि बैलाच्या खांद्यावर ठेवला. जू घासून घासून तिथं दगडासारखा घट्टा पडला होता. काव्यात त्यांनी किती वृषभ आणले होते, पण हात एकालाही लावला नव्हता. बैलानं मान वळवून त्यांना हुंगलं. शेटजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

तिथंच, उभ्या उभ्या, त्यांनी चार ओळी सांगितल्या. किसननं एकदा ऐकल्या, दुसऱ्यांदा म्हटल्या. पाठ कराव्या लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा पुतण्या उभा राहिला तसा हाकाटा झाला, "या वृषभराव, या." किसन आला. एक हात बैलाच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला:

"पाटलाच्या बैलाले मखमली झूल,
शिंगाले बेगड अन् कपायाले फूल;
माह्या बैलाच्या खांद्याले घट्टा,
ज्याच्या जिवावर जगता, त्याचीच थट्टा?"

मग एका म्हाताऱ्यानं फेटा काढून हवेत फेकला आणि गाव पेटलं. 'हर हर महादेव' तर किती वेळा झालं. खुद्द पाटील उठून आले आणि किसनच्या हातात नारळ दिला. पुतण्यालाही हसावं लागलं. उभं आयुष्य बिनखपीचा माल घेऊन बसलेल्या माणसाच्या दुकानापुढं एकदम झुंबड उडावी, तसं शेटजींना झालं असणार.

संध्याकाळी मात्र रुसले. "मास्तर, सगळे किसनचे नाव घेतात."

"मग आपण गावाला सांगू," मी म्हणालो. मला खरंच चीड आली होती. रचणारा ओसरीवर आणि नारळ दुसऱ्याला, हा कुठला न्याय?

तेवढ्यात किसनच आला. नारळ फोडून अर्धा घेऊन आला होता. त्याच्या मनात तेच. "शेट, सांगू काय गावाले? तुमची हाय म्हनून?"

शेटजी तोंड उघडणार, एवढ्यात समोरून एक रिकामी गाडी गेली. गाडीवान दुसऱ्या गावचा, आम्हाला कोणाला न ओळखणारा. तो बैलाच्या पाठीवर थाप मारून स्वतःशीच म्हणत होता, "माह्या बैलाच्या खांद्याले घट्टा..." गाडी वळणाआड जाईपर्यंत शेटजी ऐकत राहिले.

"थांब किसन," ते म्हणाले. वऱ्हाडीत म्हणाले, आणि रागात नव्हते. "लोकायले समजलं का वान्याची हाय, तं वान्याची म्हनून म्हनतीन. आता थे त्यायची हाय. राहू दे."

तिथून पुढं शेटजींचा निराळाच धंदा सुरू झाला. पोळा जवळ आला की मागच्या दारानं माणसं येत. शेटजी कोणाला नाही म्हणत नसत. एकदा पाटलाचा पुतण्या चोरून येऊन किसनवर झडती घेऊन गेला; त्याच्या पाठोपाठ किसन तिचं उत्तर घेऊन गेला. गावाला वाटे, काय जुंपलीय दोघांची! हल्ला आणि प्रतिहल्ला दोन्ही एकाच दुकानातून, आणि शेटजी गर्दीत उभे राहून दोन्ही बाजूंनी हसताहेत. शेटाणीबाई म्हणाल्या, "चला, राजा घोड्यावरून उतरला." शेटजींनी खरोखरच अकरा सर्ग फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. दुःखानं नाही. लग्न होऊन गेल्यावर मांडव उतरवतात, तसे.

मग माझी बदली धनजला झाली. मेडशीपासून चांगलंच लांब, कारंज्याकडचं गाव. तिकडं मेडशीचं नाव घेतलं तर "थे कुठं आलं?" असं विचारत. एका वर्षी शेटजी कारंज्याला देवदर्शनाला आले आणि तिथून माझ्याकडं मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी पोळा. धनजच्या गर्दीत आम्ही दोघंही परकेच. शेटजी थकले होते, काठी हातात होती, पण झडत्या म्हटल्यावर पुढं जाऊन उभे राहिले. दोन-तीन बेताच्या झाल्या. मग एक म्हातारा शेतकरी पुढं आला, त्याची जोडीही हाडकुळीच. त्यानं बैलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाटलाच्या बैलाले मखमली झूल..."

शेटजींनी काठी घट्ट धरली. म्हातारा म्हणत गेला, शिंगाले बेगड, कपायाले फूल, खांद्याले घट्टा. आणि शेवटची ओळ त्यानं म्हटली:

"ज्याच्या जिवावर जेवता, त्याचीच थट्टा?"

'जगता' नव्हे, 'जेवता'. वाटेत कुठल्या तरी गावानं शब्द बदलला होता. मी घाबरून शेटजींकडे पाहिलं. एका ऱ्हस्वासाठी तीन दिवस अबोला धरणारा हा माणूस. शेटजी पुटपुटत होते. "जगता... जेवता... जेवता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, बरं केलं. जगता पुस्तकातलं होतं. राहून गेलं होतं माह्याकडून."

मला राहवेना. मी म्हाताऱ्याकडं जाऊन विचारलं, "बाबा, ही झडती कोणाची?"

मी खुळा असल्यासारखं म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "कोनाची म्हंजे? लय जुनी हाय थे. आमच्या आज्याच्या येयची."

"अहो, कसली आज्याची? ही तर..." मी शेटजींकडं बोट दाखवणार, तोच त्यांनी माझा हात खाली दाबला. म्हातारपणात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मग ते स्वतः पुढं झाले. चेहरा असा फुललेला, की मुलीच्या लग्नात बापाचाही नसेल.

"खरं हाय, बाबा," ते म्हणाले. "जुन्या लोकायची गोष्टच अलग होती. आतासारखं थोडीच लिवत थे लोक."

"तेच तं म्हनून राह्यलो मी," म्हातारा खूश झाला.

"पुन्हा एक डाव म्हना ना."

म्हाताऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं बैलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यापासून सुरू केली. शेटजींनी काठी माझ्या हातात दिली, दुसऱ्या बैलाच्या खांद्यावर आपला हात ठेवला आणि म्हाताऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून, मागं एक ओळ राहावी म्हणून झुरणाऱ्या त्या माणसानं, आज्याच्या वेळची ती झडती शेवटपर्यंत म्हटली. 'जेवता' म्हणाले.